बॉनव्हिलला पहिल्यांदा जाताय? स्पीड वीक बघायला जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी

युटा राज्याच्या पश्चिम टोकाला, नेवाडाच्या हद्दीला खेटून, बॉनव्हिलचं मिठाचं मैदान आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे स्पीड वीक भरतो. जगभरातून लोक घरच्या गॅरेजमध्ये बनवलेल्या गाड्या घेऊन येतात आणि सरळ रेषेत जमेल तेवढ्या वेगाने पळवतात. 1949 पासून हे चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातले, सिएटलचे ओळखीचे मराठी लोक उन्हाळा आला की विचारायला लागतात: तिकीट कुठे काढायचं, राहायचं कुठे, खायला काय मिळतं, पोरांना न्यावं का? सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही फॉर्म्युला वनसारखी शर्यत नाही. इथे प्रेक्षकांसाठी गॅलरी नसते आणि एकमेकांना मागे टाकणाऱ्या गाड्याही नसतात. एका वेळी एक गाडी सुटते आणि तिची स्पर्धा असते फक्त घड्याळाशी. मधे वारा सुटला, कुणाचं तेल सांडलं, कुणाची गाडी भरकटली, की तासभर काहीच घडत नाही. सकाळी येऊन दुपारी परतणारा माणूस हमखास चिडून जातो. निदान तीन दिवस काढता येणार नसतील, तर यंदा जाऊ नका.

1. तारखेआधी मीठ बघा

स्पर्धा भरवणारी संस्था म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. स्पीड वीक साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, शनिवारी सुरू होऊन पुढच्या शुक्रवारपर्यंत चालतो. तारखा बरेच महिने आधी जाहीर होतात, पण जाहीर झाल्या म्हणजे स्पर्धा होणारच असं नाही.

हे मैदान म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ आहे. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि मागे सपाट, टणक मिठाचा थर उरतो. ऐन जुलैच्या शेवटी मोठा पाऊस झाला की त्या वर्षाचा खेळ आटोपला. 2014, 2015 आणि 2022 या तिन्ही वर्षी मिठाची अवस्था वाईट असल्यामुळे स्पीड वीक रद्द झाला. त्यातच गेल्या काही दशकांत थर पातळ होत चालला आहे. मैदानाजवळून जाणाऱ्या आय-80 हायवेच्या दक्षिणेला पोटॅशसाठी खारं पाणी उपसलं जातं, त्याचा यात वाटा किती यावर वर्षानुवर्षं वाद आहे. पिटमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात त्या तळावर, कुठल्याही म्हाताऱ्या रेसरसमोर हा विषय काढा, अर्ध्या तासाची निश्चिंती.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: विमान, हॉटेल, भाड्याची गाडी, सगळं रद्द करता येईल असंच बुक करा. चार डॉलर जास्त गेले तरी चालतील. जुलैच्या उत्तरार्धात संस्थेच्या वेबसाइटवर मिठाच्या पाहणीची खबर येते, ती रोज बघा. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

ऑगस्ट जमत नसेल तर सप्टेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ स्पीड नावाचा कार्यक्रम असतो. तो युटाची स्थानिक संस्था भरवते. आटोपशीर आणि कमी गर्दीचा. शरद ऋतूत वर्ल्ड फायनल्स असते, तेव्हा हवा थंड असल्यामुळे इंजिनांना मानवते. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने स्पीड वीकच गाठावा. गाड्यांची एवढी विविधता बाकीच्या दोन्हीकडे नसते.

2. कागदपत्रं

अमेरिकेत राहणाऱ्यांना फार काही लागत नाही: ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीच्या विम्याचं कार्ड, हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत (मिठावर फोनचं नेटवर्क भरवशाचं नाही). व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) यांच्या प्रती जवळ ठेवा.

भारतातून आई-बाबा किंवा मित्र येणार असतील तर त्यांची यादी अशी:

- पासपोर्ट आणि बी1/बी2 व्हिसा. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला बराच वेळ लागू शकतो, त्यामुळे ऑगस्टची तयारी आदल्या वर्षीच सुरू करा.
- प्रवासाचा वैद्यकीय विमा. ऊन लागून एकदा इमर्जन्सीत जावं लागलं तरी खिशाला मोठं भगदाड पडतं.
- गाडी चालवणार असतील तर भारतातलं लायसन्स आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना. त्यासाठी फॉर्म 4 ए भरायचा असतो आणि परवाना एक वर्ष चालतो. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या तो मागू शकतात.

3. पोचायचं कसं

सर्वात सोपं म्हणजे सॉल्ट लेक सिटीला उतरायचं. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे बाहेर पडलं की थेट आय-80 वर पश्चिमेकडे लागायचं. साधारण पावणेदोन तासांत तुम्ही हद्दीवर पोचता. रस्ता इतका सरळ आहे की डुलकी लागते. बे एरियातून गाडीने येणाऱ्यांना रीनो, एल्कोमार्गे तोच आय-80, पण त्याला अख्खा दिवस जातो.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, रेस्ट एरिया. आय-80 वर दहाव्या मैलाच्या आसपास बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सच्या नावाचा रेस्ट एरिया आहे. फोनवर नुसतं बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स टाकलं की कधीकधी तिथेच नेऊन सोडतो. लोक उतरतात, मिठावर फोटो काढतात आणि शर्यत कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघत बसतात. शर्यतीसाठी एक्झिट 4 घ्यायचा. तिथून उत्तरेकडे जाणारा डांबरी रस्ता काही मैलांवर मिठाच्या काठाशी संपतो, प्रवेशद्वार तिथे असतं. एक्झिटजवळच पेट्रोल भरून घ्या, पुढे काहीही मिळत नाही.

दुसरा, घड्याळ. राहायचं गाव वेस्ट वेंडोव्हर हे नेवाडात आहे. बाकीचा नेवाडा जवळपास सगळा पॅसिफिक वेळेवर चालतो, पण हे गाव युटाच्या माउंटन वेळेवर. कॅलिफोर्नियातून येताना घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी सातला पोचायचं ठरवून आठला पोचलात तर सकाळची सगळ्यात चांगली मजा हुकते. ती का, ते पुढे सांगतो.

4. राहायचं कुठे

हद्दीच्या एका बाजूला युटातलं वेंडोव्हर, दुसऱ्या बाजूला नेवाडातलं वेस्ट वेंडोव्हर. कॅसिनो नेवाडात, त्यामुळे मोठी हॉटेलंही नेवाडात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या स्वस्त असतात, शुक्रवार-शनिवारी भाव चढतात. स्पीड वीकच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, कारण नेहमीचे लोक निघतानाच पुढच्या वर्षीचं बुकिंग करून जातात. बुक करताना दिसणाऱ्या भावावर रिसॉर्ट फी वेगळी लागते का, तेही बघून घ्या.

मुलं बरोबर असतील तरी कॅसिनो हॉटेलात राहायला हरकत नाही, फक्त 21 वर्षांखालच्यांना जुगाराच्या जागेत थांबू देत नाहीत.

मिठावर तंबू ठोकून राहायची कल्पना अनेकांना सुचते. तशी परवानगी नाही. डांबरी रस्ता जिथे संपतो त्याच्या आसपास मिठाच्या बाहेर, सरकारी जमिनीवर, लोक कॅम्प करतात. पण तिथे नळ नाही की सावली नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर हॉटेलच बरं.

5. काय न्यायचं

मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1285 मीटर उंचावर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच खाली. पण गारव्याची अपेक्षा ठेवू नका. ऑगस्टमध्ये दुपारी रणरणतं ऊन असतं आणि सावलीला एक झुडूपसुद्धा नाही. शिवाय पांढरं मीठ ऊन परतवतं, त्यामुळे चटका खालूनही बसतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळीमागे, हाफ पँट घातली असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला. या जागांना सनस्क्रीन लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि रात्री नेमक्या त्याच जागा जळतात. टोपी असली तरी हे होतंच.

- पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, रुंद काठाची टोपी, चांगला गडद गॉगल. गॉगलशिवाय मिठावर तासभरही राहू नका.
- बंद बूट. चपला, फ्लोटर नकोत, मीठ बोटांच्या बेचक्यात जाऊन चरचरतं.
- माणशी दिवसाला निदान चार-पाच लिटर पाणी, बर्फाचा कूलर, ओआरएसच्या पुड्या. नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा मधूनमधून मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत बरं पडतं.
- घडीच्या खुर्च्या आणि सावलीसाठी कॅनपी. कॅनपीच्या पायांना बांधायला वजनं हवीतच. दुपारचा वारा मोकळी कॅनपी उचलून शेजाऱ्याच्या गाडीवर नेऊन टाकतो.
- दुर्बीण, कानात घालायचे बोळे, आणि रेडिओ. निवेदकाचं बोलणं रेडिओवरही ऐकू येतं; कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ते गेटवर विचारा.
- कचऱ्यासाठी पिशव्या. काहीही मागे टाकायचं नाही, शेंगांची टरफलंसुद्धा.

खाण्याचं म्हणाल तर पिटजवळ एखाद-दुसरा स्टॉल असतो, तो बर्गर, हॉट डॉगवाला. शाकाहारी माणसाची फ्राइजवर बोळवण. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू असं कोरडं, उन्हात न विटणारं घेऊन जा. दही-भात कूलरमध्ये टिकतो. चॉकलेट मात्र नेऊ नका.

ड्रोन घरी ठेवा.

6. गेट, आणि मिठावर गाडी

तिकीट डांबरी रस्त्याच्या शेवटी असलेल्या गेटवर मिळतं, एका दिवसाचं किंवा पूर्ण आठवड्याचं. तीन दिवस राहणार असाल तर दोन्हीचा हिशोब करून बघा. रोख पैसे जवळ असू द्या.

गेटपासून पिटपर्यंत काही मैल मिठावरूनच गाडी चालवायची असते. वाट शंकूंनी आणि झेंड्यांनी आखलेली असते. ती सोडायची नाही, हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा नियम समजा. मधोमध मीठ काँक्रीटसारखं टणक असलं तरी कडेला थर पातळ आहे आणि खाली चिखल. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. चाक एकदा खाली गेलं की गाडी पोटावर बसते, आणि ओढून काढणाऱ्याचं बिल ऐकून तुम्हीही बसाल. वेगमर्यादाही पाळा. समोर इतकं मोकळं मैदान पाहून पाय आपोआप जड होतो, पण आयोजक अशांना सरळ बाहेर काढतात.

भाड्याची गाडी असेल तर करार आधी वाचा. बऱ्याच करारांत पक्का रस्ता सोडून गाडी नेल्यास विमा लागू होत नाही असं कलम असतं.

7. पहायचं काय, आणि कुठून

पहिल्यांदा आलेली मंडळी ट्रॅकच्या मधल्या भागासमोर खुर्च्या टाकतात, कारण वेग तिथे जास्त. गणित बरोबर आहे, पण प्रेक्षकांना ट्रॅकपासून पाव मैलाच्या आसपास लांब ठेवतात. उन्हाच्या झळांत गाडी जमिनीपासून वर तरंगणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते, पुढे निघून जाते आणि मग मागून तिचा आवाज येतो. एकदोनदा हा अनुभव जरूर घ्या. दिवसभर तेच बघत बसू नका.

खरी मजा स्टार्ट लाइनवर आहे. प्रेक्षकांना तिथे बरंच जवळ जाऊ देतात. गाड्यांची रांग लागलेली असते. स्ट्रीमलाइनर म्हणजे लांब, निमुळती, चाकंसुद्धा आत झाकलेली गाडी. लेकस्टरची चाकं उघडी असतात, आणि जुने लेकस्टर तर युद्धातल्या विमानांच्या इंधनाच्या टाक्यांपासून बनवलेले आहेत. त्यांच्यामागे 1930 च्या दशकातल्या रोडस्टर, ट्रक, मोटरसायकली. ड्रायव्हर आत बसण्याआधी एक जण फडक्याने त्याच्या बुटांचे तळवे पुसतो, मीठ पेडलवर जाऊ नये म्हणून. मग पट्टे आवळतात, हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून मनगटंही बांधतात, गाडी सोडणारा माणूस, म्हणजे स्टार्टर, वाकून प्रत्येक बकल बघतो आणि झाकण बंद होतं.

त्यानंतर जे घडतं ते बघून नवखे चक्रावतात. जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एक असलेल्या त्या गाडीला मागून एक साधा पिकअप ट्रक ढकलत नेतो! गिअर इतके उंच असतात की तिला जागेवरून स्वतःच्या बळावर नीट सुटताच येत नाही. ट्रकने पुरेसा वेग दिला की तो बाजूला होतो, इंजिनाचा सूर एकदम बदलतो आणि गाडी दिसेनाशी होते. पुढची दीड-दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहून लाउडस्पीकर ऐकतात. लाँग कोर्स साधारण पाच मैलांचा, त्यातले पहिले दोन मैल वेग घ्यायला. त्यानंतरच्या प्रत्येक मैलाचा सरासरी वेग निवेदक सांगत जातो. आकडा वाढत गेला की मागच्या टीमचे चेहरे बघा. एखाद्या मैलाला आकडा घसरला तर कुणीही न सांगता कळतं की आत काहीतरी तुटलं.

हळू गटातल्या गाड्यांसाठी शॉर्ट कोर्स वेगळा असतो. तिथे गर्दी कमी आणि नवे ड्रायव्हर जास्त. वेगाचा परवाना इथे टप्प्याटप्प्याने मिळतो, थेट ताशी 300 मैलांवर कुणालाही सोडत नाहीत.

8. विक्रम कसा ठरतो हे आधी समजून घ्या

हे कळलं नाही तर अर्धा दिवस कोड्यात जातो. गाडीचा प्रकार, इंजिनाचा आकार, इंधन यांवरून शेकडो वर्ग पडतात आणि प्रत्येक वर्गाचा वेगळा विक्रम असतो. म्हणून एकाच दिवशी कुणी ताशी 130 मैलांवर नाचतो आणि कुणी 300 गाठूनही तोंड पाडून परततो.

एखाद्याने आपल्या वर्गाचा विक्रम ओलांडला की ती झाली फक्त पात्रता. गाडी थेट इम्पाउंड नावाच्या राखीव जागेत जाते. तिथे दुरुस्तीला मोजके तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुन्हा पळवावं लागतं. दोन्ही फेऱ्यांची सरासरी जुन्या आकड्याच्या वर गेली तरच विक्रम. इथे दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने होतात. जागतिक विक्रमासाठी मात्र तासाभरात उलट दिशेने परत यावं लागतं.

म्हणूनच घड्याळाबद्दल बजावलं. विक्रमाच्या या दुसऱ्या फेऱ्या सकाळी सगळ्यात आधी होतात. हवा गार असते, वारा पडलेला असतो आणि झळा नसल्यामुळे गाडी डोळ्यांना, कॅमेऱ्यालाही, स्वच्छ दिसते. कितीही आळस आला तरी उजाडताना गेटच्या रांगेत हवं. दुपारी हवं तर हॉटेलवर जाऊन झोपा.

दुसरी फेरी केवढी नाजूक असते, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकन रेसर मिकी थॉम्पसन. 1960 मध्ये याच मिठावर तो एका दिशेने ताशी 406 मैलांवर, म्हणजे सुमारे 654 किलोमीटर वेगाने गेला. परतीच्या फेरीत गाडी मोडली आणि जागतिक विक्रम लागला नाही. 1968 मध्ये त्याने नवी गाडी आणली, तर पावसाने मीठ भिजलं. तीच गाडी पुढे त्याच्या मुलाने, डॅनीने, पुन्हा उभी केली आणि 2018 च्या स्पीड वीकमध्ये 448.757 मैलांचा, म्हणजे ताशी सुमारे 722 किलोमीटरचा विक्रम केला. पन्नास वर्षं एका फेरीसाठी! ब्रिटिश रेसर माल्कम कॅम्पबेलने 1935 मध्ये ताशी 300 मैल ओलांडले तेही इथेच, आणि न्यूझीलंडचा बर्ट मन्रो 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, 1920 ची इंडियन मोटरसायकल 184 मैलांच्या आसपास पळवून गेला तोही इथेच.

9. पिटमध्ये वावरताना

पिट सगळ्यांना खुली असतात आणि लोक बोलायला अतिशय मोकळे. इथे बक्षिसाची रक्कम नसते, त्यामुळे लपवाछपवीही कमी. इंजिन उघडं पडलेलं असेल आणि चार जण घामाघूम झाले असतील तर लांबूनच बघा. खुर्चीत बसून सँडविच खात असतील तर बिनधास्त विचारा, सगळं दाखवतील. लाल टोपी घातलेला माणूस दिसला तर समजा तो 200 मैलांच्या क्लबातला आहे, म्हणजे त्याने ताशी 200 मैलांहून जास्त वेगाचा विक्रम केलेला आहे. त्याच्याकडे ऐकण्यासारखं भरपूर असतं.

मुलांचा हात सोडू नका. पिटमधून ट्रक, मोपेड, सायकली सतत फिरत असतात. कुठल्याही गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

शुक्रवारी, म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी पोचलात तर तपासणीची रांग बघायला मिळते. निरीक्षक एकेका बोल्टला हात घालतात. गाडी आतून बघायची असेल तर याहून चांगली वेळ नाही. संध्याकाळी वेस्ट वेंडोव्हरच्या कॅसिनोंच्या पार्किंगमध्ये हॉट रॉड, म्हणजे इंजिन बदलून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, जमतात, ते फुकट. दुपारच्या रिकाम्या वेळात वेंडोव्हरची जुनी हवाईपट्टी बघून या. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचा सराव इथे झाला. तिथे संग्रहालय आहे.

10. निघताना

गाडी त्याच दिवशी धुवा, घरी जाऊन नव्हे. चाकांच्या वरच्या पोकळीत मिठाचे थर चिकटतात आणि वाळून दगड होतात. गावातल्या कार वॉशवर जोरदार पाण्याने आधी खालचा भाग, मग चाकांच्या आतली बाजू, ब्रेकच्या आसपास, शेवटी वरचं अंग. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा एकदा. भाड्याची गाडी तशीच परत दिली तर सफाईचे पैसे कार्डावर लागलेच समजा. बूट वेगळ्या पिशवीत बांधा आणि कॅनपीचे सांधेही धुवा, नाहीतर पुढच्या वेळी उघडणार नाहीत.

लॉस एंजेलिसच्या बाजूला राहत असाल आणि एवढा प्रवास झेपणार नसेल, तर त्याच संस्थेच्या एल मिराज या कोरड्या सरोवरावरच्या शर्यती बघा. शहरापासून गाडीने दोनेक तास, मे ते नोव्हेंबरमध्ये अधूनमधून होतात. तिथे मिठाऐवजी माती असते, त्यामुळे तोंडाला रुमाल न्या. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी दक्षिण ऑस्ट्रेलियातलं लेक गेर्डनर आहे. तिथला स्पीड वीक उन्हाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो. पण ते वेंडोव्हरपेक्षा कितीतरी आडबाजूला आहे, हॉटेल विसरा आणि पाणी दुप्पट घ्या.